एस्किलच्या उंबऱ्यावरचा दगड

दरवर्षी एक मार्चला एस्किल राबेक घराच्या पश्चिमेच्या दारातून निघे आणि पावलं मोजत कड्याच्या टोकापर्यंत जाई. पायात लाकडी बूट, दोन्ही हात पाठीमागे. टोकाला पोचला की खाली समुद्राकडे एकदा तुच्छतेनं बघे, मग परत येऊन दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं आकडा लिही. चौकटीवर असे बेचाळीस आकडे होते. पहिला एकशे दहा, शेवटचा सव्वीस.

या आकड्यांवर त्याचा फार विश्वास. खरं तर समुद्र दर हिवाळ्यात दोन मीटर कडा गिळत होता. पण एस्किलचं पाऊलही वर्षागणिक आखूड होत होतं, त्यामुळे अलीकडे आकडा फारसा उतरत नसे. एका वर्षी तर तो एकानं वाढला. त्या वर्षी त्याचा गुडघा दुखत होता. म्हातारपणामुळे ज्याची जमीन वाढली असा जगात बहुधा तो एकटाच शेतकरी.

तांगहोल्म म्हणजे समुद्रशेवाळाचं बेट. ज्यानं नाव ठेवलं त्यानं नाक उघडं ठेवून ठेवलं असणार. लांबी साडेतीन किलोमीटर, रुंदी वाऱ्यावर अवलंबून. पूर्वेचा वारा सुटला की पाणी हटतं आणि बेट जरा पोट सुटल्यासारखं दिसतं. वस्ती एकेचाळीस माणसं, दीडशे मेंढ्या आणि मोजदाद नसलेले ससे. मध्यभागी एकोणीस मीटर उंचीचा एक उंचवटा आहे. त्याला आमच्याकडे 'पर्वत' म्हणतात, आणि तिथून उतरलेल्या माणसाला "वर वारा कसा होता?" असं अगदी गंभीरपणे विचारतात. बेटावरचे झाडून सगळे दगड हिमयुगातल्या बर्फानं स्वीडनहून ढकलत आणून टाकलेले. अस्सल डॅनिश असं म्हणायला फक्त चिखल आहे, आणि तोही पश्चिमेच्या कड्यावरून रोज थोडाथोडा निघून जातो.

तो जातो कुठे, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक होतं, शाळा होती तोवर. लाटा पश्चिमेचा कडा फोडतात, माती विरघळून जाते, आणि वाळू बेटाला वळसा घालून पूर्वेच्या टोकाला जाऊन बसते. तिथे वाळूचा एक लांबलचक दांडा तयार झाला आहे, तो दरवर्षी वाढतो. थोडक्यात, बेट पूर्वेकडे चाललं आहे. माणसं तेवढी जागच्या जागी.

पश्चिमेचं शेवटचं घर एस्किलचं. पूर्वेचं शेवटचं शेत लाउरिट्सचं. लाउरिट्स म्हणजे एस्किलचा मेव्हणा, त्याच्या बायकोचा, गुड्रुनचा, धाकटा भाऊ. गुड्रुनला जाऊन सहा वर्षं झाली. ती होती तोवर दोघं तिच्या धाकानं नाताळात एका टेबलावर बसत आणि एकमेकांकडे बटाटे सरकवत. ती गेल्यावर बटाटेही बंद झाले.

दोन वर्षांपूर्वी पालिकेचा एक माणूस फेरीबोटीनं आला, फीत लावून मोजलं, आणि म्हणाला, "बारा मीटर."

"सव्वीस पावलं," एस्किल म्हणाला.

"राबेक, पावलं चालत नाहीत."

"माझी चालतात."

"हे बघा, घर कड्यापासून दहा मीटरच्या आत आलं की तिथे राहता येत नाही. नियम आहे."

"मग कड्याला सांगा ना. आत तो येतोय, मी कुठे गेलोय?"

त्या माणसानं वहीत काहीतरी लिहिलं. पालिकेची माणसं उत्तर सुचलं नाही की लिहितात.

त्यानंतर सीसेलचे फोन सुरू झाले. सीसेल ही एस्किलची एकुलती एक मुलगी, स्वेनबोरला राहते, दवाखान्यात कामाला आहे. तिनं वडिलांसाठी वृद्धांच्या इमारतीत नाव नोंदवून ठेवलं होतं.

"बाबा, लिफ्ट आहे. खिडकीतून बंदर दिसतं."

"दिसतं म्हणजे कसं?"

"म्हणजे मध्ये एक इमारत आहे, पण मान जरा वाकडी केली की दिसतं."

"मान वाकडी करून पाणी बघायला मी काय बगळा आहे?"

"तुम्ही चौऱ्याहत्तर वर्षांचे आहात, आणि तुमचा झेंड्याचा खांब गेल्या वर्षी समुद्रात पडला!"

हे खरं होतं. डेन्मार्कमध्ये घराला दार नसलं तरी चालेल, झेंड्याचा खांब लागतो. आणि एस्किलचा खांब नोव्हेंबरमध्ये, सिमेंटच्या पायासकट, गुड्रुनच्या फुलांच्या वाफ्यासकट, सावकाश झोपावं तसा खाली गेला होता. एस्किल सैन्यातले दहा महिने आणि आंत्रपुच्छाच्या शस्त्रक्रियेचे पाच दिवस सोडले तर एकही रात्र बेटाबाहेर झोपला नव्हता, आणि पुढेही झोपायचा त्याचा विचार नव्हता. एवढीच त्याची या जगाकडे मागणी होती. पण मागणी करायची तर राहायला जमीन लागते, आणि त्याची जमीन चालली होती. बेटावर विकत मिळेल असं दुसरं घर नव्हतं. जी दोन रिकामी होती ती कोपनहेगनच्या वकिलांनी उन्हाळ्यासाठी घेऊन ठेवलेली, आणि वर्षातले अकरा महिने त्यांत कोळिष्टकं राहत.

मग मे महिन्यात ट्युलिप उगवले.

एस्किल त्या दिवशी पूर्वेच्या दांड्यावर सहज गेला होता. सहज म्हणजे लाउरिट्स मुख्य भूमीवर दात काढायला गेलाय हे कळल्यावर. दांड्याच्या मध्यावर, वाळूत, वाहून आलेल्या शेवाळाच्या ढिगात, तीन लाल ट्युलिप उभे होते. असे काठाला पिवळी रेघ असलेले ट्युलिप बेटावर एकाच बाईनं लावले होते, झेंड्याच्या खांबाभोवती, आणि त्यावरून गावात तिला नावं ठेवली होती की हिला साधे लाल चालत नाहीत.

फुलं आली म्हणजे त्यांचे कंद आले. कंद आले म्हणजे त्या वाफ्याची वाळू आली. हा दांडा कोणाचा? एस्किलच्या डोक्यात एकदम लख्ख उजाडलं. माझं शेत नाहीसं झालेलं नाही, ते फक्त मेव्हण्याकडे राहायला गेलंय!

आता तांगहोल्मचा दगडाचा कायदा सांगायला हवा, नाहीतर पुढचं सगळं वेडेपणाचं वाटेल. समुद्रातून वाहून आलेली फळी, डोलकाठी, पिंप, जे काही किनाऱ्याला लागेल त्यावर जो पहिला दगड ठेवील त्याचं ते. मग तो घरी जाऊन निवांत जेवू शकतो. या बेटावर बोटी पळवल्या गेल्या आहेत, बायका पळवल्या गेल्या आहेत, एकदा तर पाद्र्याची सायकल पळवली गेली; पण दुसऱ्याचा दगड कोणी हलवल्याचं ऐकिवात नाही. अट एकच. एक वर्ष आणि एक दिवसाच्या आत माल उचलून न्यायचा. नाही नेला तर हक्क जातो, शिवाय अब्रू जाते. लाउरिट्सच्या आजोबांनी एका जहाजाच्या डोलकाठीवर दगड ठेवला आणि आळसानं ती दोन वर्षं नेली नाही. ती तिथेच कुजली. तेव्हापासून त्या घराण्याला मागून 'दगडे' म्हणत. ऐंशी वर्षं झाली, लाउरिट्स बासष्टचा झाला, तरी ते त्याला अजून झोंबत असे.

एस्किलनं त्याच दुपारी दांड्यावर अकरा दगड मांडले.

काम सोपं नव्हतं. मे महिना म्हणजे सुरय पक्ष्यांचा विणीचा काळ, आणि वाळूतच अंडी घालणाऱ्या त्या पांढऱ्या पाखरांना मालकीहक्काची जाण माणसापेक्षा जास्त असते. ती वरून सूर मारून येत आणि जे सर्वांत उंच असेल त्यावर चोच हाणत. सर्वांत उंच एस्किलची टोपी होती. त्यानं शेवटी एका हातात काठी डोक्यावर उभी धरली आणि दुसऱ्या हातानं एकेक दगड ठेवला. काठीला चोची बसल्या, टोपीवर इतर गोष्टी पडल्या. अकराही दगड अर्थातच स्वीडिश.

दुसऱ्या दिवशी दात काढून आलेला लाउरिट्स सुजलेल्या गालानं एस्किलच्या दारात उभा राहिला.

"दांड्यावरचे दगड कुणाचे?"

"माझे."

"कशावर ठेवलेस?"

"वाळूवर. समुद्रातून वाहून आली. मी ठेवला दगड."

"अरे ती जमीन आहे!"

"होती. माझी. मग ती समुद्रात पडली, मग वाहून आली. फळी वाहून आली तर फळी, पिंप वाहून आलं तर पिंप. वाळूनं काय पाप केलंय?"

"वेड लागलंय तुला," लाउरिट्स गालाला हात लावून म्हणाला. "तिथे माझ्या मेंढ्या चरतात."

"चरू देत. माझ्या जमिनीवर चरतात, मी काही बोललोय का आजवर?"

लाउरिट्स पाय आपटत गेला. पण त्यानं दगड हलवले नाहीत. त्याच्या मेंढ्यांनासुद्धा त्यानं कुत्रा लावून दगडांच्या अलीकडेच वळवलं. वेडेपणा निराळा आणि दगड निराळा.

जूनमध्ये बेटाची सभा भरली. सभागृहात कॉफीचे दोन मोठे थर्मास, आणि इंगेलिसनं केलेला बदामाचा केक. इंगेलिस ही शाळेची शेवटची शिक्षिका. शेवटच्या वर्षी शाळेत एकच विद्यार्थी होता आणि तो वर्गात दुसरा आला असं लोक म्हणतात. शाळा बंद झाली, पण वर्ग चालवायची तिची सवय गेली नाही, म्हणून ती सभेची अध्यक्ष. विषयपत्रिकेवर पहिला विषय फेरीबोटीचं वेळापत्रक, दुसरा सशांचा उपद्रव, आणि तिसरा 'एस्किलची वाळू'.

एस्किल उभा राहिला आणि ट्युलिपपासून सगळं बोलला. इतकं सलग बोलताना त्याला कोणी ऐकलं नव्हतं. शेवटी तो म्हणाला, "मला जास्त काही नको. दांड्याच्या मुळाशी, गवत आहे तिथे, घरापुरती जागा पुरे. घर उचलून तिथे नेईन. बेट तिकडे चाललंय, मी पण जातो. इथेच राहायचंय मला, एवढंच."

आमच्याकडे माणूस मनातलं बोलला की लोक कपात बघतात. कुणी नको म्हणालं नाही, कुणी हो म्हणालं नाही, सगळे केक चावत राहिले. एकेचाळीस माणसांच्या बेटावर एकेचाळीस माणसं चांगली असतात, फक्त पहिला चांगला कोण होणार याची वाट बघत.

लाउरिट्सचा गाल आता उतरला होता आणि जीभ मोकळी झाली होती. तो उठला.

"माझं काही म्हणणं नाही," तो गोड आवाजात म्हणाला. "दगड आहे, मी मानतो. वाळू एस्किलची." लोकांनी कपातून माना वर केल्या. "पण मग कायदा पुरता पाळा. एक वर्ष एक दिवस! माल उचलून न्यायचा. ने बाबा तुझी वाळू. माझी ढकलगाडी पण देतो वापरायला."

छप्पर उडेल असा हशा पिकला. इंगेलिससुद्धा हसली, मग चष्मा पुसून म्हणाली, "एस्किल, नियम तसा आहे खरा."

"बघू," एस्किल म्हणाला आणि टोपी घालून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो ढकलगाडी घेऊन दांड्यावर हजर होता. स्वतःची. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही अशी माणसं सगळीकडे असतात. तांगहोल्मवर सुंभही फारसा जळत नाही, दमट हवा आहे. रोज सकाळी तीन गाड्या वाळू तो पूर्वेकडून पश्चिमेला नेई आणि कड्यावर ओती. तीन किलोमीटरची एक खेप. रस्त्यात लोक सायकली थांबवून विचारत, "आज किती शेत आणलंस?" उन्हाळी पाहुण्यांनी त्याचे फोटो काढले. ओतलेली वाळू पहिल्याच वाऱ्याला खाली जाई, आणि समुद्र ती पुन्हा सावकाश पूर्वेला पोचती करी. लाउरिट्स म्हणे, "दोघं मिळून चांगलं चालवलंय, एक नेतो, एक आणतो."

ऑगस्टमध्ये गुडघ्यानं संप केला. एस्किल घरात बसला, आणि ढकलगाडी दारात उलटी पडली.

इथे लाउरिट्सनं थांबायला हवं होतं. पण माणसाला एकदा लोकांनी हसून दाद दिली की त्याला वाटतं आपल्यात काहीतरी आहे. सप्टेंबरच्या एका रविवारी, चर्चमधून आठदहा जण परतत असताना, तो त्यांना घेऊन मुद्दाम एस्किलच्या घरावरून आला. वाटेत त्यानं डोक्याएवढा एक दगड उचलला होता. एस्किल दारात बटाटे सोलत बसलेला. लाउरिट्सनं तो दगड त्याच्या उंबऱ्यावर ठेवला.

"हे काय?" एस्किलनं विचारलं.

"आगाऊ ठेवतोय. एकदोन हिवाळ्यात हे घर खाली जाणार. मग याच्या तुळया वाहत वाहत कुठे लागणार? माझ्याच दांड्याला! म्हटलं उगाच पहाटे धावपळ नको, आत्ताच ठेवून द्यावा."

लोक पुन्हा हसले, पण या वेळी जरा कमी. एका दोघांनी आपले बूट न्याहाळले. एस्किलचा बटाटा सोलून झाला, त्यानं दुसरा घेतला.

दगड मात्र त्यानं हलवला नाही. येताजाता पाय उंच उचलून तो ओलांडे. दुखऱ्या गुडघ्यानं ते सोपं नव्हतं. इंगेलिस एकदा अंडी न्यायला आली तेव्हा तिला बघवेना.

"ढकल की तो बाजूला, एस्किल. कोणी काही म्हणणार नाही."

"दुसऱ्याचा दगड आहे," तो म्हणाला. "तुझी अंडी आठ झाली. दोन कोंबड्या रुसल्यात."

डिसेंबरच्या वादळानं एका दमात चार वर्षांचं काम उरकलं. सकाळी वारा पडला तेव्हा कड्यावरची कुंपणाची तार हवेत लोंबकळत होती. पालिकेचा तोच माणूस नव्या फितीनं मोजून गेला. चार मीटर. आठवड्यात पत्र आलं: ३१ मार्चपर्यंत घर रिकामं करावं, त्यानंतर ते पाडण्यात येईल. दुसऱ्याच दिवशी सीसेलचा फोन, इमारतीत खोली मिळाली आहे, एक एप्रिलपासून.

"बाबा, आता 'बघू' म्हणू नका."

"रंग कसला आहे भिंतींना?" एस्किलनं विचारलं.

सीसेलला रडू आलं. आजवर त्यानं त्या खोलीबद्दल विचारलेला हा पहिलाच प्रश्न होता.

फेब्रुवारीत ती खोकी घेऊन आली. दोन दिवस भांडी कागदात गुंडाळत होती. तिसऱ्या दिवशी तिनं पहिलं खोकं उचललं, दाराबाहेर पाऊल टाकलं आणि दगडाला ठेचकाळून खोक्यासकट कोसळली. सहा बशा गेल्या.

"हा कुणी ठेवलाय मरायला इथे!" ती ओरडली, आणि दोन्ही हातांनी दगड उचलायला वाकली.

"हात लावू नको!" एस्किल असा गरजला की कोंबड्या खुराड्यात गेल्या. "तुझ्या मामाचा आहे. घर त्यानं धरून ठेवलंय, पडलं की तुळया न्यायला."

"म्हणजे घर मामाचं?"

"दगडाच्या हिशेबानं..." एस्किल म्हणाला, आणि तिथेच थांबला. सीसेल गुडघा चोळत त्याच्याकडे बघत राहिली. वडिलांच्या चेहऱ्यावर तिनं हे असलं काही पूर्वी एकदाच पाहिलं होतं, त्यांच्या गाईला जुळं झालं तेव्हा.

"कोट दे माझा," तो म्हणाला. "सव्वाअकराची बोट यायची आहे."

सव्वाअकराच्या बोटीला तांगहोल्मचा निम्मा गाव धक्क्यावर असतो. कुणाला काही यायचं नसतं, पण कुणाला काय आलं ते बघायचं असतं. लाउरिट्स मेंढ्यांच्या खाद्याची पोती घ्यायला आला होता. इंगेलिस टपालाची पिशवी घेऊन उभी होती. एस्किल लंगडत थेट मेव्हण्यासमोर गेला.

"कधी नेतोस?"

"काय?"

"घर. सप्टेंबरात दगड ठेवलास. पाच महिने झाले. एक वर्ष एक दिवस, पण पालिका एकतीस मार्चला पाडणार म्हणते, तेव्हा तुला घाई करावी लागेल."

लाउरिट्स हसला. आजूबाजूला बघितलं. कोणी हसत नव्हतं, सगळे जवळ सरकत होते.

"अरे ती थट्टा होती!"

एस्किल इंगेलिसकडे वळला. "बाई, थट्टेचा दगड असा काही प्रकार आहे का?"

इंगेलिसनं पिशवी खाली ठेवली. असा प्रश्न तिला वीस वर्षांत कुणी विचारला नव्हता. तिनं वर्गात उत्तर द्यावं तसं सावकाश दिलं. "दगड म्हणजे दगड. थट्टेचं मी कधी ऐकलं नाही."

"पण घर अजून समुद्रात पडलंच नाही!" लाउरिट्सचा आवाज चढला. "वाहून आलेल्या मालालाच कायदा!"

"मग तू न वाहून आलेल्या मालावर दगड कसा ठेवलास?" इंगेलिसनं विचारलं. "आठ माणसांसमोर? रविवारी?"

मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "दगडे."

लाउरिट्सचे कान लाल झाले. हात दाखवून अवलक्षण करून घेणं म्हणजे काय ते त्या दिवशी धक्क्यावर सगळ्यांनी जवळून पाहिलं. तांगहोल्मचे लोक पक्षपाती नाहीत. जूनमध्ये ते ज्या मनापासून एस्किलला हसले, त्याच मनापासून फेब्रुवारीत लाउरिट्सला हसायला तयार होते.

"आणि न्यायचं म्हणजे घरातल्या मालासकट," एस्किल म्हणाला. "पिंप ज्याचं, पिंपातलं त्याचं. बरोबर ना, बाई?"

"बरोबर."

"माल कसला?" लाउरिट्स खेकसला. "काय आहे तुझ्या घरात?"

"मी आहे," एस्किल म्हणाला. "माल जुना आहे, पण फुटलेला नाही."

बोटीनं भोंगा वाजवला. लाउरिट्सनं एक पोतं खांद्यावर घेतलं, खाली ठेवलं, पुन्हा घेतलं. "बेर्टेल!" तो एकदम ओरडला. बेर्टेल हा बेटावरचा सुतार, गर्दीत मागे पाव खात उभा होता. "तुझ्याकडे लांब पहारी किती आहेत?"

राबेकांचं घर जुन्या पद्धतीचं, ओकचा सांगाडा, मध्ये विटा, वर गवताचं छप्पर. असं घर खुंट्या काढल्या की सुटं होतं. जुन्या सुतारांनी प्रत्येक वाशावर नि खांबावर आकडे कोरलेले होते, कुठलं कशात बसतं त्याचे. मार्चचे तीन आठवडे बेटावरची तेवीस माणसं राबली. जून महिन्यात जी केक चावत बसली होती तीच. आता त्यांना कुणावर उपकार करायचा नव्हता, कायद्यासाठी राबायचं होतं, आणि आमचा माणूस कायद्यासाठी वाटेल ते करतो. एस्किल खुर्ची टाकून मधोमध बसला होता.

"तो वासा जपून रे! लाउरिट्सचा आहे!"

"तोंड बंद ठेव!" लाउरिट्स तुळईच्या दुसऱ्या टोकाखालून म्हणे.

न्यायचं कुठे हा प्रश्नच नव्हता. ज्याचा दगड तो आपल्या जमिनीवर नेतो. ट्रॅक्टरच्या मागे लादून सगळं पूर्वेला, दांड्याच्या मुळाशी, गवताच्या उंचवट्यावर गेलं. बरोबर तिथेच, जिथे एस्किलनं सभेत जागा मागितली होती. सपाट जागा तेवढीच होती, त्याला लाउरिट्स काय करणार?

एक गडबड झाली. बेर्टेलनं आकडे नीट वाचले, पण आराखडा उलटा धरला होता. घर जोडून झाल्यावर कळलं की पश्चिमेचं दार आता पूर्वेला आलंय. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात, इथे दोन्ही फिरले होते आणि एस्किलला त्याचा पहिल्याच सकाळी राग आला. सत्तर वर्षं तो न्याहारीला सावलीत बसला होता. आता पावाला लोणी लावताना ऊन थेट डोळ्यांत.

"मुद्दाम केलंय," तो म्हणाला.

"हो ना," लाउरिट्स म्हणाला. "तीन आठवडे पाठ मोडून घेतली, तुझ्या डोळ्यांत ऊन जावं म्हणून."

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सीसेल आली. खोली नको असल्याचं इमारतीला कळवायचं होतं, त्यासाठी कागदावर एस्किलची सही हवी होती आणि राहण्याचा पत्ता. ती पेन हातात धरून टेबलाशी बसली. दारात लाउरिट्स उभा होता, पायात चिखलाचे बूट, एक हात आपसूक चौकटीवर.

"मालकाच्या रकान्यात कुणाचं नाव घालू?" तिनं विचारलं.

"माझं," दोघं एकदम म्हणाले.

"दगड माझा," लाउरिट्स म्हणाला.

"वाळू माझी. घर माझ्या वाळूवर आहे."

"ही वाळू नाही, हे गवत आहे! इथे माझ्या आजोबांच्या मेंढ्या होत्या!"

"गवत कशावर उगवलंय?"

सीसेलनं रकाना रिकामा सोडला आणि फक्त 'राहणार तांगहोल्म' असं लिहिलं. एस्किलनं सही केली. पेनवर जरा जास्तच जोर पडला, कागद खालच्या बाजूनं फाटला.

लाउरिट्स दारातच घुटमळत होता. बाहेर सुरय परत आले होते, दांड्यावर त्यांची नव्या हंगामाची भांडणं सुरू झाली होती.

"एकदा तरी म्हण," तो म्हणाला. "तीन आठवडे. तेवीस माणसं. एकदा तरी आभार मान."

"कशाबद्दल?" एस्किलनं विचारलं. "तू तुझं घर तुझ्या शेतात नेलंस. त्यात मी काय केलं?"

लाउरिट्स जायला वळला.

"चाललास कुठे?" एस्किल कपाटातून तिसरा कप काढत म्हणाला. गुड्रुनच्या सेटमधल्या सहा बशा फुटल्या होत्या, कप मात्र वाचले होते. "बस. कॉफी झालीय. घर तुझंच आहे, पण ते बूट बाहेर काढ."